बिवळ्याचा पेला राहू दे, पण बाबांची गोळी आधी डॉक्टरांना विचारून सुरू करा

पत्र:

मावशी नमस्कार, माझे बाबा ६७ वर्षांचे, संगमेश्वर तालुक्यात गावी असतात, मी चिंचवडला. नऊ वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू होतं. गणपतीत गेले तेव्हा कळलं की दोन महिन्यांपासून त्यांनी गोळ्या पूर्ण बंद केल्यात. रात्री बिवळ्याच्या लाकडी पेल्यात पाणी ठेवतात, सकाळी पितात, शिवाय रोज गुळवेलीचा काढा. तीन महिन्यांची शुगर ७.१ होती ती आता ८.९ आलीय. भाऊ म्हणतो सगळा झाडपाला थोतांड आहे, पेला फेकून दे. बाबा म्हणतात तुमच्या गोळ्या म्हणजे केमिकल, आमचं झाड नैसर्गिक. घरात बोलणं बंद झालंय. खरंच यावर काही संशोधन झालंय का, की नुसतं व्हॉट्सॲप? आणि बाबांशी बोलू कशी?

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी एक काम कर, बाकीचं नंतर वाच. बाबांना या आठवड्यात त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. दोन महिने बंद असलेल्या गोळ्या जुन्या डोसमध्ये आपल्या आपण सुरू करायच्या नाहीत, खासकरून ती ग्लिमेपिराइड, कारण त्या गोळीने शुगर एकदम खाली पण जाऊ शकते आणि डोस किती ते आताची शुगर आणि किडनी बघून डॉक्टरांनीच ठरवायला हवं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीची टेस्ट आणि लिव्हरची टेस्ट, दोन्ही करायला सांग. लिव्हरची का ते पुढे सांगते. आणि पेल्याबद्दल, काढ्याबद्दल डॉक्टरांपासून काहीही लपवू नका, ओरडले तर ओरडू देत.

मी डॉक्टर नाही हे माहितीच आहे तुला. सत्तावीस वर्षं फार्मसीच्या मुलांना औषधी वनस्पती शिकवल्या, म्हणजे साल, मूळ, पान हातात घेऊन ओळखायचं, त्यात काय आहे ते काढायचं आणि त्यावर कोणी काय अभ्यास केलाय ते वाचायचं, एवढा माझा अधिकार. त्या अधिकारात सांगते की तुझा भाऊ आणि तुझे बाबा दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत आणि भांडतायत मात्र उरलेल्या अर्ध्यावरून.

बिवळ्यापासून सुरू करते कारण मला ते झाड फार प्रिय आहे. तुमच्या भागात अजून असतील, बाबांना विचार, ते दाखवतील तुला. खोडावर कोयत्याचा घाव बसला की लालभडक रस येतो, अगदी रक्तासारखा, आणि वाळला की काळपट तांबडा खडा होतो. लाकडात पाणी ठेवलं की सकाळपर्यंत ते चहासारखं तांबूस होतं आणि पेला उन्हात तिरका धरला की कडेला निळसर झाक दिसते. मी वर्गात हे दाखवायचे तेव्हा मुलं उठून पुढे यायची बघायला. आयुर्वेदात याला असन किंवा बीजक म्हणतात, बाजारात विजयसार. आणि हो, यावर संशोधन झालंय, आपल्या आयसीएमआरनेच, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनेच केलंय. १९९८ मध्ये त्यांचा एक अभ्यास छापून आला, ९७ पेशंट, सगळे नव्याने शुगर सापडलेले, आणि १२ आठवड्यांत त्यातल्या ६७ जणांची शुगर ताब्यात आली. पुढे त्यांनी टॉल्ब्युटामाइड नावाच्या जुन्या गोळीशी तुलना करून डबल ब्लाइंड चाचणी पण केली, म्हणजे कोणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही, आणि तिथेही विजयसार मागे पडलं नाही. तेव्हा भावाला सांग की थोतांड हा शब्द मागे घे.

पण आता बाबांसाठीचा भाग, आणि हा नीट वाच कारण सगळं इथेच अडलंय. त्या अभ्यासात लोकांनी लाकडी पेल्यातलं पाणी प्यायलं नव्हतं. लाकडाचा अर्क काढून तो मोजून दिला होता, दिवसाला २ ते ४ ग्रॅम, आणि शुगर बघत बघत डोस वाढवला होता. पेल्यातल्या पाण्यात किती उतरतं? नवा पेला असेल तर पहिले काही दिवस गडद रंग येतो, मग पाणी फिकट होत जातं, दोन महिने वापरलेल्या पेल्यातलं पाणी आणि पहिल्या दिवसाचं पाणी यात काहीच मेळ नाही. बाबांना विचार, पहिल्या आठवड्यात पाणी कसं दिसायचं आणि आता कसं दिसतं, ते स्वतःच सांगतील तुला. शिवाय बाजारातला प्रत्येक पेला बिवळ्याचाच असतो असं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते पेशंट नवे होते, बाबांचा आजार नऊ वर्षांचा. इतक्या वर्षांत स्वादुपिंडाची इन्सुलिन करायची ताकद बरीच कमी झालेली असते, त्यामुळे नव्या माणसाला जे पुरलं ते जुन्याला पुरेल हे धरून चालता येत नाही. ७.१ वरून ८.९ हेच तर सांगतोय ना रिपोर्ट.

आता गंमत बघ, म्हणजे मला तरी हे फार महत्त्वाचं वाटतं, त्याच १९९८ साली, दोनच महिन्यांच्या अंतराने, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मेटफॉर्मिनवरचा ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला. तिथे वजन जास्त असलेल्या शुगरच्या पेशंटना सरासरी दहा वर्षांच्या वर पाहिलं होतं आणि नुसती शुगर नाही मोजली, हार्ट अटॅक किती, डोळे कोणाचे गेले, पाय कोणाचा कापावा लागला, कोण वारलं, हे सगळं मोजलं. मेटफॉर्मिनवाल्यांमध्ये शुगरशी संबंधित असे प्रकार नुसत्या पथ्यावर ठेवलेल्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी निघाले. एकाच वर्षीचे दोन पेपर, एकात १२ आठवड्यांची शुगर, दुसऱ्यात दहा वर्षांचं आयुष्य. बिवळ्याने पहिली परीक्षा चांगली दिली, मेटफॉर्मिनने शेवटची पण दिली. शुगरची गोळी आपण आकडा खाली आणायला घेतच नाही गं, आपण ती दहा वर्षांनी डोळे, किडनी आणि पाय शाबूत राहावेत म्हणून घेतो, आकडा फक्त वाटेवरचा मैलाचा दगड.

आणि बाबांच्या "केमिकल" ला माझं उत्तर ऐक. मेटफॉर्मिनचं मूळ पण झाडातच आहे. युरोपात गलेगा नावाचं एक रोपटं आहे, जांभळट फुलांचं, शेंगा येणारं, आपल्या हरभरा-तुरीच्याच कुळातलं. तिकडच्या लोकवैद्यकात फार होणारी लघवी आणि तहान यासाठी ते देत असत असं सांगतात. त्यात ग्वानिडिनच्या जातीची द्रव्यं सापडली, १९१८ मध्ये दिसलं की ग्वानिडिनने जनावरांची रक्तातली साखर उतरते, पण ते विषारी होतं, जसंच्या तसं देता येईना. मग त्याच धर्तीवर रसायनं बनवत गेले, १९२२ मध्ये मेटफॉर्मिन तयार झालं, आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न यांनी ते माणसांवर वापरून छापलं. अमेरिकेत तर १९९४ पर्यंत परवानगीच नव्हती. म्हणजे बाबा ज्या गोळीला केमिकल म्हणून बाजूला ठेवतायत ती एका झाडाचीच नात आहे, फक्त तिच्यातलं विष काढून, मात्रा ठरवून, दशकानुदशकं लोकांना तपासून मग ती हातात आलीय. हे बाबांना सांगताना मात्र जिंकल्यासारखं नको सांगूस, गोष्ट म्हणून सांग. झाडांवर जीव असलेल्या माणसाला ही गोष्ट आवडतेच.

अशीच आपल्या मुंबईची पण एक गोष्ट आहे. सर्पगंधा आपल्याकडे वैद्य लोक वापरतच होते, १९४९ मध्ये मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ब्लड प्रेशरच्या ५० पेशंटवर ती वापरून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये त्यातलं रेझरपिन वेगळं काढलं, काही वर्षं जगभर बीपीवर ते दिलं गेलं. पण जसं वापरलं तसं हेही कळलं की काही पेशंट उदास होतात, नाक चोंदतं, आणि पुढे जास्त चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. मी मुलांना हे नेहमी सांगायचे की ज्या झाडाचा शरीरावर खरोखर परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो, दोन्ही एकाच मुळीत असतात. "काही साइड इफेक्ट नाही" असं कोणी सांगितलं की मी विचारते, मग इफेक्ट तरी कुठून येणार?

म्हणून आता गुळवेल. इथे मी जरा कडक बोलणार आहे. पेल्याचं काय ते डॉक्टरांशी बोलून ठरवा पण रोजचा काढा आजपासून बंद. कोविडच्या काळात घराघरात गुळवेल शिजत होती, आमच्या सोसायटीत तर लोक एकमेकांना कांड्या वाटत होते आणि मीही कोणाला अडवलं नाही हे आज मला टोचतं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ६ पेशंट नोंदवले ज्यांना गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आली होती, पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांमधल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला. आयुष मंत्रालयाने तेव्हा म्हटलं की गुळवेलीसारखी दिसणारी तिची दुसरी जात चुकून घेतली गेली असू शकते, आणि ती शक्यता खरीच आहे, त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर फोडांसारखे उंचवटे असतात, पण कांडी सुकली, कुटली आणि पुडीत भरली की कोण ओळखणार? आणि पेशंटमध्ये असे बरेच निघाले ज्यांच्या शरीरात आधीच स्वतःच्या लिव्हरवर उलटणारी प्रतिकारशक्ती दडलेली होती, गुळवेलीने ती जागी केली असावी असं डॉक्टरांना वाटलं. ज्या गोष्टीला आपण इम्युनिटी वाढवणारी म्हणून डोक्यावर घेतो तिचा तोच गुण काहींच्या मुळावर येऊ शकतो. गुळवेल वाईट म्हणून मी हे लिहीत नाही, पिढ्यान् पिढ्या वैद्यांनी वापरलेली वेल आहे ती, पण वैद्य नाडी बघून, ठरावीक दिवस देतो, कोणी रोज चहासारखी कायमची पीत नव्हतं. बाबांना भूक नाहीशी झाली, डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली तर वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा समज खरंतर आपल्या जुन्या बायकांचा नव्हताच. माझी आजी पावसाच्या तोंडावर शेवळं आणायची, पिवळा भाग काढून टाकायची, बारीक चिरायची आणि काकडं मिळाली नसतील तर भाजीच करायची नाही. काकडं म्हणजे ती छोटी आंबट हिरवी फळं, ठाण्या-रायगडकडच्या बाजारात शेवळाच्या जुडीसोबतच विकायला ठेवतात बघ. त्यांच्याशिवाय शेवळं खाल्लीस तर घसा असा खाजतो की पाणी गिळवत नाही, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, मी ते मायक्रोस्कोपखाली पाहिलेत, खरोखर सुयांची जुडी दिसते. अळूत चिंच घालतो तेही त्याचसाठी. दुधी चिरताना टोकाचा तुकडा जिभेवर लावून बघायचा, कडू लागला तर आख्खा दुधी टाकायचा, हेही त्यांचंच. आता सकाळी दुधीचा ज्यूस प्यायची पद्धत निघाली आणि तो कडू लागला तरी लोक औषध म्हणून घटाघट पितात, त्यात कारलं मिसळलं की कडूपणा कशाचा तेही कळत नाही, आणि त्याने माणसं दगावलीत म्हणून आयसीएमआरच्या समितीला सांगावं लागलं की कडू दुधीचा रस पिऊ नका. बाबा ज्यूस घेत असतील तर तोही बघ.

तुझ्या मनात येईल की मग आपल्या ताटातलं काहीच कामाचं नाही का. आहे ना, भरपूर आहे. मेथीदाण्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९९० च्या सुमारास चांगलं काम झालंय, पोळीच्या पिठात मेथीची भुकटी मिसळून पेशंटना दिली होती आणि शुगर उतरली. पण किती दिली होती माहितीये? एका अभ्यासात तेल काढलेली भुकटी दिवसाला १०० ग्रॅम. आपण रात्री भिजवतो ते चमचाभर दाणे चार-पाच ग्रॅम भरतात. मेथी काम करते ती मुख्यतः तिच्या बुळबुळीत चोथ्यामुळे, भिजल्यावर हाताला लागतो तो चिकटपणा, तो आतड्यात साखर शोषायचा वेग कमी करतो, म्हणून नुसतं पाणी पिऊन दाणे फेकू नका, दाणे चावून खा किंवा पिठात दळून घ्या. थोडीच खाल्ली तरी जेवणाचा भाग म्हणून चांगलीच आहे, फक्त १०० ग्रॅमचा निकाल पाच ग्रॅमकडून मागायचा नाही. इसबगोलचंही तसंच, शुगर आणि कोलेस्टेरॉल दोन्हीला थोडी मदत, भरपूर पाण्यासोबत, आणि गोळ्यांच्या वेळेपासून दोन तास लांब. नाचणी-वरीसारख्या भरडधान्यांवर २०२१ मध्ये इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या शेती संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली ८० च्या आसपास अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, नियमित खाणाऱ्यांची उपाशीपोटीची शुगर १२ टक्के आणि जेवणानंतरची १५ टक्के कमी दिसली. फक्त बाबांना नाचणीची भाकरी दे, पातळ गोड आंबिल नको, पीठ जितकं बारीक आणि पातळ शिजलेलं तितकी साखर लवकर चढते. कारल्याचे अभ्यास २०१२ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे औषधांच्या चाचण्या गोळा करून पारखणाऱ्या संस्थेने, एकत्र तपासले, चारच चाचण्या हाती लागल्या आणि शुगर उतरते असं म्हणायला पुरेसा आधार मिळाला नाही. भाजी म्हणून खा, मला तर गूळ न घातलेलीच आवडते.

आणि एक, कोणी "आयुर्वेदिक शुगरची पुडी" आणून देत असेल, लेबल नाही, लायसन्स नंबर नाही, तर घरात ठेवू नका. अशा पुड्यांमध्ये शुगरच्या गोळ्याच कुटून घातलेल्या सापडल्यात अनेकदा, मग माणूस खूश की चूर्णाने उतरली आणि मात्रा कोणालाच माहीत नाही.

आता बोलायचं कसं. मला वाटतं बाबांनी गोळी सोडली ती नुसती व्हॉट्सॲपमुळे नाही. नऊ वर्षं रोज गोळ्या गिळताना माणसाला वाटायला लागतं की आपण आता आजारीच, बाकी काही नाही. बिवळ्याच्या पेल्यात त्यांना स्वतःचं काहीतरी सापडलंय, आपल्या रानातलं, आपल्या बापजाद्यांचं, आणि भाऊ नेमकं तेच फेकून दे म्हणतोय. तू पेला फेकू नकोस. शनिवारी गावी जा, भावाला या वेळी घरीच ठेव, आणि बाबांना म्हण की मला बिवळा दाखवा. रानात चालता चालता त्यांनाच बोलू दे, मग आयसीएमआरच्या त्या अभ्यासाचं सांग, तुमचं झाड खरं आहे हे आधी सांग, त्यांनी ते कोणाकडून तरी ऐकायला हवंय. मग ८.९ चा कागद. "बाबा, पेला चुकला असं नाही, पण एकट्या पेल्याला हे झेपत नाहीये" एवढंच म्हण. चिडले तर तिथे सोड, संध्याकाळी परत काढ.

डॉक्टरांकडे गेल्यावर बाबांसमोरच विचार की पेला ठेवला तर चालेल का. चालेल म्हणाले तर गोळ्यांसोबत राहू दे, पण मग ग्लुकोमीटर घरात हवा, पहिले पंधरा दिवस सकाळची आणि जेवणानंतरची शुगर बाबांनीच वहीत लिहायची, त्यांच्या अक्षरात. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि मग शुगर बघायची, हे आईलाही शिकवून ठेव. मेटफॉर्मिन इतकी वर्षं घेतल्यावर बी १२ व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, त्याने पाय बधिर वाटतात, थकवा येतो, आणि मग माणूस म्हणतो गोळीने मला खराब केलं. तीही टेस्ट करून घे, कमी निघालं तर त्यावर सोपं औषध आहे आणि बाबांची गोळीवरची निम्मी तक्रार तिथेच मिटायची शक्यता आहे.

तीन महिन्यांनी परत एचबीएवनसी, म्हणजे तीच तीन महिन्यांची शुगर, कर आणि आकडा मला नक्की कळव. आणि बिवळ्याचं बी मिळालं तर बाबांना सांग की एक रोप लावा, कोकणातसुद्धा मोठे बिवळे आता हुडकावे लागतात, लाकडासाठी तोडून तोडून.